बाबा गेले तेव्हा मला हलता येत नव्हतं

बोरी अरबच्या अंगणवाडीत मी चौदा वर्षांपासून सेविका आहे. या कामात दिवसातून पन्नासदा जमिनीवर बसावं लागतं आणि पन्नासदा उठावं लागतं. ऑगस्टमधल्या त्या सोमवारी लेकरांना खिचडी वाटून झाली, एका पोरीचं तोंड पुसलं आणि मी उठायला गेले, तर पाय उठेनात. दुखत नव्हते. फक्त माझं ऐकत नव्हते.

आमची मदतनीस मंदाताई हसली. "काय व बाई, खिचडी जास्त झाली का आज?"

मीही हसले. तिने हात दिला, मी उभी राहिले. दोन दिवसांपासून तळपायांना मुंग्या येत होत्या. पंधरवड्यापूर्वी जुलाब झाले होते, त्याचाच अशक्तपणा असेल, असं आम्ही दोघींनीच ठरवून टाकलं. मंगळवारी कुकरचं झाकण लागेना. बुधवारी सकाळी केस विंचरायला हात वर केला, तो अर्ध्यातूनच खाली आला. कंगवा पडला. माझी मुलगी करुणा दहावीत आहे; ती शाळेची वेणी घालत आरशासमोर उभी होती. तिने कंगवा उचलून दिला, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "पप्पा, मम्मीले पाहा!"

हे मी लिहिते आहे ते कुणाला घाबरवायला नाही. दवाखान्यात माझ्या नवऱ्याने फोनवर या आजाराबद्दल खूप शोधलं. त्याला सगळं सापडलं. आत पडलेल्या माणसाला कसं वाटतं, तेवढं कुणी लिहिलेलं नव्हतं. शिवाय मी विश्वासात वाढलेली बाई आहे. देवाच्या हाती सोपवून द्या, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना सहज सांगत आले. ते स्वतःवर आल्यावर किती जड असतं, हेही सांगितलं पाहिजे.

एका श्वासात

यवतमाळच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग तो म्हणाला, "ताई, एक मोठा श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा."

मी अठरापर्यंत म्हटले. रोज लेकरांना शिकवते तेच आकडे. संध्याकाळी त्याने परत म्हणायला लावले. अकरा. त्याने काहीतरी लिहिलं आणि प्रभाकरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला बोलावलं.

"माह्यासमोर सांगा," मी म्हटलं.

तो भला माणूस होता. खुर्ची ओढून बसला. शरीराचं रक्षण करणारी ताकदच चुकून नसांवर उलटली आहे, असं त्याने सांगितलं. "बहुतेक लोक बरे होतात, ताई. पण आधी आणखी बिघडतं, मग सुधरतं."

"किती बिघडतं?"

"श्वासासाठी मशीन लागू शकते."

प्रभाकर हायस्कुलात लिपिक आहे, शांत माणूस. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, परत घातली. तोंड पुसलंच नाही.

तेवढ्यात कळंबहून आईबाबा आले. माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. वादळात खांबावर चढणारा माणूस. ते काही विचारायच्या आधीच पलंगाच्या पायथ्याशी बसले, माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागले.

"गरम होऊन राह्यले का, एस्तू?"

माझं नाव एस्तेर. एस्तू फक्त आईबाबाच म्हणायचे. मला त्यांचे हात जाणवत होते, पण जाड गोधडीवरून कुणी हात फिरवावा तसे.

"हो बाबा," मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी एका श्वासात सातपर्यंतच पोचले. मग मला आतल्या खोलीत नेलं.

मशीन

त्या खोलीला खिडकी नव्हती. फिनाईलचा वास आला की सकाळ झाली, एवढंच कळायचं. तोंडात नळी, त्यामुळे आवाज गेला. हात गेले, पाय गेले, चेहरासुद्धा गेला. मला हसता येत नव्हतं की रडवेलं तोंड करता येत नव्हतं. पापणी पूर्ण मिटत नव्हती, पण थोडीशी हलायची. एकदा हलली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. माझ्याकडे एवढीच भाषा उरली होती. डोकं मात्र पूर्ण जागं. ऐकू सगळं यायचं. सिस्टर माझ्या पलंगापाशी उभ्या राहून बदलीच्या गोष्टी बोलायच्या, कारण माझ्या चेहऱ्यावर काही उमटतच नव्हतं.

सर्वांत मोठं भय मरणाचं नव्हतं. मशीनची नळी सुटली आणि मला हाक मारता आली नाही तर, याचं होतं. मी सतत त्या मशीनचा आवाज ऐकत असायचे. त्यात प्रार्थना कुठली व्हायची? "प्रभू" म्हणायचे आणि पुढचं वाक्य सापडायचं नाही. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थनासुद्धा मध्येच विसरायला व्हायची. मी देवावर रागावले नव्हते. तो मला दिसतच नव्हता. माझ्यापुरता देव त्या दाराबाहेर राहिला होता, चप्पल काढून ठेवलेल्या नातेवाइकांबरोबर.

तिथे सोमली मावशी होती. फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, तांड्यावरची बंजारा बाई. सगळ्यांना ती "याडी" म्हणायची, म्हणजे आई. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जायचं. सिस्टर म्हणायच्या, डोळे मिटत नाहीत म्हणून पाणी येतं, आणि औषधाचे थेंब घालायच्या. सोमली मावशीने एकदा वाकून नीट पाहिलं. "हे डोळ्याचं पानी नाही," ती म्हणाली. "याडी रडून राह्यली." तिने पदराच्या टोकाने माझे कान कोरडे केले. त्या दिवसापासून रोज यायची. कानात साचलेलं पाणी किती त्रास देतं, हे तुमचे हात चालत असतील तर तुम्हाला कधी कळणार नाही.

संध्याकाळी पाच वाजता एकाच माणसाला आत सोडायचे. प्रभाकर सकाळी यायचा, संध्याकाळ बाबांची. ते कपाळावर हात ठेवायचे आणि गावच्या बातम्या सांगायचे. करुणा आमच्याकडे कळंबले आहे, तिनं काल पोळ्या केल्या, नकाशे झाले पोळ्यांचे. मग प्रार्थना करायचे, मोठ्याने, खांबावरून खाली उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"काका, हळू," सिस्टर म्हणायच्या.

"हाव, हाव," म्हणायचे आणि पुढचं वाक्य तितक्याच मोठ्याने.

मला प्रार्थना येत नव्हती, पण त्यांची चालायची. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून नदी ओलांडावी तशी.

आईचे हात

एका गुरुवारी पाचला बाबा आले नाहीत. प्रभाकर आला. "बाबांना जरा ताप आहे," तो म्हणाला. शुक्रवारी तेच. शनिवारी तेच, पण शनिवारी तो माझ्याकडे न पाहता मशीनकडे पाहून बोलला.

मंगळवारी आई आली. प्रभाकर तिला दारापर्यंत सोडायला आला आणि तिथूनच म्हणाला, "बाबांचा ताप उतरतो आहे."

आईने माझी चादर सारखी केली. मला मान वळवता येत नव्हती. नजरेच्या टप्प्यात फक्त तिचे हात आले. मनगटं रिकामी होती.

ती थांबली. मी काय पाहते आहे ते तिला कळलं.

"खोटं नका बोलू, जावईबापू," ती मागे न पाहता म्हणाली. मग माझ्यावर वाकली. "गेले व ते, एस्तू. गुरुवारी सकाळी. चहा पिऊन राह्यले होते. कप खाली ठेवला अन् तसेच कलंडले. शुक्रवारी माती दिली."

मी ओरडले. कुणालाही ऐकू गेलं नाही. मशीन त्याच तालात श्वास भरत राहिली. बाप गेल्यावर माणसाचा श्वास अडखळतो, हुंदका येतो. माझ्या छातीला तेवढीही मोकळीक नव्हती. आईने डोळे पुसले, माझे. तिचे कोरडे होते. दोन मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली.

त्यानंतर ती महिनाभर आली नाही.

चमचाभर पाणी

गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवली, तेव्हा तोंड मोकळं झालं. डाव्या हाताचं एक बोट हललं, ते आधी करुणाने पाहिलं. "मम्मी, परत कर!" मी परत केलं. आमच्या त्या शांत प्रभाकरने बाहेर जाऊन अनोळखी लोकांना पेढे वाटले. पुढे एकेक दिवस मशीन थोडी थोडी काढली. पहिला पाण्याचा चमचा गिळला तो दिवस मला लग्नापेक्षा स्पष्ट आठवतो. आवाज आला तेव्हा घोगरा, दुसऱ्याच कुणाचा. पहिला शब्द मी ठरवून ठेवला होता: "बाबा". तो म्हटला आणि मग दिवसभर दुसरं काही बोलवेना.

प्रभाकर वाळून गेला होता. एकदा तो माझ्यावर खेकसला. भाताचा घास गालातच राहिला होता, एवढंच कारण. लगेच तोंड फिरवून म्हणाला, "मले माफ कर, एस्तेर. मले झोप पाह्यजे फक्त." आजारी माणसाला सगळे विचारतात, त्याच्या उशाशी बसलेल्याला कुणी विचारत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं बसलं असेल, तर त्याने खेकसल्याचं ओझं फार दिवस वाहू नये.

दिवाळीच्या आधी मला सोडलं. उभं राहता येत नव्हतं. बोरीच्या घराला उंच पायऱ्या, म्हणून मला कळंबला आईकडे ठेवायचं ठरलं. आई हो म्हणाली. तिने मला न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. सगळं केलं. बोलली मात्र कामापुरतं.

"देवानं ऐकलं"

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे. वडीलमंडळीतले सुधाकर काका बाबांचे जुने मित्र. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांना भरून आलं.

"पोरी, तुले माहीत नाही? तुले आत नेलं त्या दिवशी तुह्या बापानं व्हरांड्यात गुडघे टेकले. आम्ही सगळे होतो. म्हणे, प्रभू, हिच्या बदल्यात मले ने. देवानं ऐकलं, बाई. तुले ठेवलं, त्याईले नेलं. किती मोठी साक्ष!"

ते प्रेमाने बोलत होते, हे मला आजही ठाऊक आहे. ते गेले, आणि माझ्यासमोर आईने वरणभाताची ताटली ठेवली. मला घास उचलवेना. प्रत्येक घास बाबांच्या वाट्याचा वाटू लागला. मी श्वास घ्यायचे तोसुद्धा.

आणि देव? इतके दिवस तो दाराबाहेर होता. आता आत आला, पण कसा? हातात तराजू घेऊन. अशा देवाशी मला बोलायचं नव्हतं. रविवारी प्रभाकरने प्रार्थनेला हात धरला की मी डोळे उघडे ठेवायचे. पंधरा-वीस दिवस असे गेले. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "ताई, तुम्ही जोर लावून नाही राह्यल्या." नव्हतेच लावत. कुणासाठी लावायचा?

सोले

डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या. त्यांच्या ओल्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. आईने सुपात शेंगा ओतल्या आणि सूप माझ्यासमोर ठेवलं. "सोल. बोटं चालतीन."

अंगणात ऊन होतं. ती चार शेंगा सोलायची तेवढ्यात माझी एक व्हायची, तीही दाणे चिरडून. दाणा निसटून पडला आणि मी एकदम बोलून गेले, "आई, बाबा माह्यापायी गेले न?"

तिचे हात थांबले. "कोण म्हन्ते?"

मी सुधाकर काकांचं सांगितलं.

"सुधाकर भला माणूस हाय, पण याडपट हाय," आई म्हणाली. तिने हातातली शेंग सुपात टाकली. "तुह्या बापाच्या छातीत सहा महिन्यांपासून दुखत होतं. डॉक्टरनं नागपूरले जाऊन तपासाले सांगितलं होतं. आज जातो, उद्या जातो. गोळ्या भी चुकवे. तू पडली त्याच्या आधीपासून. मी भांडली नाही का त्याईच्याशी? सगळी गल्ली ऐके."

"पण त्यांनी मागितलं होतं."

"मागितलं. बापच होता, मागणारच. मी भी मागितलं असतं, पण माह्या तोंडातून निघालं नाही." तिने सूप बाजूला सरकवलं. "पण देव काय बाजारात बसला हाय का व, एक दे अन् एक ने म्हणाले? ज्यानं सगळ्याईसाठी आपला एकुलता एक पोरगा देऊन टाकला, तो लाइनमनचा जीव बदल्यात कायले मागन? त्याच्याजवळ काय कमी हाय?"

मी लहानपणापासून हजार उपदेश ऐकले आहेत. माझ्या चौथी शिकलेल्या आईचं हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मग बाबा काहून गेले?"

"मले नाही मालूम."

"माह्यासारखी वाचते आणि त्याच खोलीतला तो अठरा वर्षांचा पोरगा, तो नाही वाचत. काहून?"

"मले नाही मालूम म्हन्लं न, बाई. त्याले मालूम हाय. माह्या हातात असतं तर मी तुह्या बापाले जाऊ दिलं नसतं. माह्या हातात नाही. ज्याच्या हातात हाय तो वाईट नाही, येवढंच मी धरून हावो. काही काही दिवशी तेही सुटते हातातून."

मग तिने जे सांगितलं ते लिहू की नको, असं मी तिला विचारलं. लिही, म्हणाली.

"मी महिनाभर आली नाही, तुले वाटलं असन आईले दुःख झालं म्हणून. तसं नाही. दोनदा आलती मी. दारातून वापस गेली. मले तुहा राग आला होता, एस्तू. माणूस गेला अन् पोरगी मशीनवर. ते तुह्यापायी धावपळ करत होते, जेवत नव्हते, झोपत नव्हते. मी मनात म्हटलं, हिच्यापायी गेले. सुधाकर जे म्हन्ते ते मी त्याच्या आधी म्हटलं होतं." तिने पदर हातात घेतला. "पोटच्या पोरीचा राग. कुठं नेऊन टाकू मी हे?"

बाबा गेल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी रडली, पदर तोंडात धरून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मला उठून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. मी खुर्चीतून हात लांबवला, तो तिच्या गुडघ्यापर्यंत पोचला. तसाच ठेवला. आम्ही दोघींनी प्रार्थना केली नाही. पण आता तो तराजूवाला देव अंगणात नव्हता. दुसराच कुणी होता, गप्प बसलेला, आमच्यासारखाच काही न बोलणारा. प्रभूनेही मरणाच्या आधी बागेत रडून, हे मरण टळो, असं मागितलं होतं आणि त्याला नाही मिळालं, हे मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी व्यायामाला जोर लावला.

साक्ष

जानेवारीत वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकता येऊ लागली. पहिल्या रविवारी आम्ही यवतमाळला उपासनेला गेलो. पाळकांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, बोलावलं. सुधाकर काका पुढच्याच बाकावर होते.

मी फार बोलू शकले नाही. आवाज अजून टिकत नाही. एवढंच म्हटलं, की माझ्या वडिलांच्या बदल्यात मी जगले, असं कुणी म्हणू नये. ते माझ्यावर प्रेम करत गेले आणि मी त्यांच्याविना बरी होते आहे. या दोन गोष्टी एकाच देवाच्या हातात आहेत. त्या एकत्र कशा बसतात ते मला कळत नाही. अंधारात मी त्याला धरलं नव्हतं, मला धरताच येत नव्हतं. तरी मी पडले नाही. तुमच्यापैकी कुणाला आज प्रार्थना येत नसेल तर नसू दे. दुसऱ्या कुणाची तरी चालू असेल.

टाळ्या झाल्या नाहीत. सुधाकर काका मान खाली घालून बसले होते. उपासना संपल्यावर माझ्याजवळ आले आणि माझ्या वॉकरच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

तिथून आम्ही कब्रस्तानात गेलो. मी पहिल्यांदाच जात होते. गाडी फाटकापर्यंतच जाते, पुढे ढेकळं. प्रभाकरने एका बाजूने धरलं, करुणाने दुसऱ्या. बाबांच्या कबरीवर साधा लाकडी क्रूस होता. पावसाने माती खचली होती, मधोमध खळगा पडला होता. मला वाटलं होतं मी खूप रडेन. मी त्या खळग्याकडेच पाहत राहिले.

"मी मूठमाती नाही दिली," मी म्हटलं.

आईने खाली बसून बाजूचं ढेकूळ फोडलं. माती चाळून खडे काढले आणि माझ्या उजव्या तळहातावर ठेवली. माझी बोटं पुरती मिटत नाहीत अजून. माती फटींतून गळू लागली, अर्धी माझ्या साडीवर पडली. मी घाईने मूठ मिटायला गेले तर आणखीच सांडली.

"राहू दे, मम्मी," करुणा म्हणाली.

"राहू कायले दे?" आई म्हणाली. तिने परत माती भरली. या वेळी आपला हात माझ्या हाताखाली धरला, दुसरा वरून ठेवला, आणि माझी बोटं एकेक करून मिटली. आम्ही तो हात तसाच खळग्यावर नेला. मग तिने बोटं सोडली.

माती पडली. एवढ्याशा मातीचा आवाजही होत नाही.

"झालं," आई म्हणाली. मग माझ्या साडीवरची माती झटकली आणि म्हणाली, "चाल. पुढं उतार हाय, हळू टाक पाय."